नानांच्या उजव्या पायाचा ग्राफ

ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, हे ज्याला माहीत नाही त्याच्याशी माझं फार वेळ जमत नाही. दोष माझाच आहे, मान्य. धुळ्याच्या कॉलेजात पहिल्याच तासाला मी मुलांना विचारते, ट्रॅक्टरला ब्रेक किती? शहरातली मुलं छाती ठोकून सांगतात, एक. गावाकडची मुलं गालातल्या गालात हसतात आणि गप्प बसतात. त्यांना वाटतं, मॅडमची फजिती कशाला करा. मग मी फळ्यावर दोन चौकोन काढते आणि माझा तास सुरू होतो.

दोन्ही पेडलं उजव्या पायाशी, शेजारी शेजारी. डावं दाबलं की मागचं डावं चाक धरतं, उजवं दाबलं की उजवं. नांगरताना बांधाशी पोचलं की एकच दाबायचं. ते चाक जागीच राहतं, दुसरं फिरत राहतं आणि एवढं मोठं धूड चटकन वळतं. रस्त्यावर मात्र दोन्ही ब्रेक सारखे लागले पाहिजेत, नाहीतर ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो. म्हणून दोन पेडलांना जोडणारी एक छोटी लोखंडी कडी असते. शेतात कडी काढायची, रस्त्यावर लावायची. पुस्तकात असं लिहिलंय. आमच्या खानदेशात ती कडी कोण लावतो? शेतातून रस्त्यावर, रस्त्यावरून शेतात, दिवसातून दहा वेळा वाकायचं कोणी? बहुतेकांच्या कड्या गंजून पडल्यात नाहीतर हरवल्यात.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या ट्रॅक्टरची कडी स्वतःच्या हातानं काढून टाकली होती. मी लहान असताना. कोणी विचारलं तर आमच्या बोलीत म्हणायचे, "मना पायच कडी शे."

माझा पायच कडी, आणि खोटं नव्हतं ते. नानांचा पाय रुंद. तळवा दोन्ही पेडलांवर आडवा बसायचा, बरोबर मध्ये. पारोळ्याच्या बाजारात कापूस घेऊन जाताना मी मडगार्डवर बसायची आणि त्यांच्या पायाकडे बघत राहायची. बाकी पोरी बाहेर बघतात, मी पायाकडे बघायची. बांधाशी आलो की तोच पाय थोडा सरकायचा, टाच उचलायची, अंगठ्याच्या बाजूनं एकच पेडल दाबलं जायचं आणि अगं बाई, सगळं शेत माझ्याभोवती गर्रकन फिरायचं! मला तेव्हा वाटायचं, नाना शेतच फिरवतात.

पुढं मी इंजिनीअर झाले, मग मास्तरीण झाले, मग हट्टानं संशोधनाला लागले. विषय होता गाडी रस्त्यावरून का घसरते आणि घसरताना तिला कसं आवरायचं. या विषयातली एक गोष्ट मला अजून पचलेली नाही. अख्खी मोटारगाडी, आतली माणसं, त्यांच्या पिशव्या, हे सगळं रस्त्याला धरून असतं ते चार चाकांखालच्या चार जागांवर. एकेक जागा आपल्या हाताच्या पंजाएवढी. चार पंजे. बाकी सगळं हवेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीखालून जाणाऱ्या रिक्षा बघत बसले. लोक मजेत जात होते. एकालाही पत्ता नव्हता.

मग आम्हाला एकदा मोटारी तपासायच्या मैदानावर नेलं. भलंमोठं मैदान, त्यावर पाणी सोडून निसरडी केलेली जागा. एक मोटार जोरात आली, ओल्या जागेवर चालकानं मुद्दाम स्टिअरिंग हिसडलं, मागचा भाग फिरायला लागला. आणि तेवढ्यात गाडी सरळ झाली. चालकानं काही केलं नव्हतं. गाडीतल्या कॉम्प्युटरला कळलं होतं की गाडी चालकाच्या मनात नाही तिकडं फिरतेय, आणि त्यानं एकाच चाकाचा ब्रेक दाबला होता. एकाच. त्या एका चाकानं गाडीला उलटं वळवून जागेवर आणलं.

मी मोठ्यानं ओरडले, "अहो, हे तर आमचे नाना करतात!"

सगळे वळून बघायला लागले. माझे मार्गदर्शक सर शांत माणूस. त्यांना वाटलं उन्हानं झालं. पण मी त्यांना तिथंच कागदावर बांध काढून दाखवला, दोन पेडलं काढून दाखवली. ते कागद बघून म्हणाले, "मग तुम्ही मोटारींवर काम का करताय?"

त्या वाक्यानं माझा विषय बदलला. ट्रॅक्टर आणि त्यामागची ट्रॉली. ट्रॉलीला ब्रेक नसतो. उतारावर भरलेली ट्रॉली मागून ढकलते आणि थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरनं करायचं. त्यात ट्रॅक्टर थोडा जरी तिरका झाला, की ट्रॉली त्याला आणखी तिरका करते. अशा वेळी नेमक्या कोणत्या चाकाला, किती आणि कधी ब्रेक लावला तर दोघं सरळ राहतील, हे शोधायचं आणि ते काम करणारं एक स्वस्तातलं यंत्र बनवायचं, असा माझा बेत. ट्रॉलीत माणसं बसवू नयेत हे मलाही माहीत आहे, कोणी मला शिकवायला येऊ नये. पण कापूस वेचायला चौदा बायांनी चार कोस लांबच्या शेतात जायचं कसं, ते आधी सांगा.

आमच्याच ट्रॉलीतून त्या चौदा बाया जायच्या. माझी वहिनी त्यांच्यातलीच. भाऊ सुरतेला कामाला, म्हणून ट्रॅक्टर नानाच चालवायचे. सगळ्यांत वडील एक अक्का होत्या, शेजारच्या घरातल्या. कापूस वेचण्यात हात असा चालायचा की तरण्या पोरी मागे पडायच्या. आणि जीभ हातापेक्षा जोरात.

दिवाळीच्या सुट्टीत मी माझी पेटी घेऊन गावी गेले. दोन्ही पेडलांवर दाब मोजणाऱ्या पातळ चकत्या चिकटवल्या, सीटखाली ट्रॅक्टर किती आणि कुठं फिरतो ते ओळखणारी डबी बांधली. अक्का येऊन बघून गेल्या. "नाना, तुनी पोर ट्रॅक्टरले सलाइन लावी राहिनी," म्हणाल्या. बाया पोट धरून हसल्या.

नानांना म्हटलं, नेहमीसारखं चालवा. फरशीच्या उतारावर दहा वेळा ब्रेक मारा. फरशी म्हणजे आमच्या नाल्यावरचा बसका पूल, त्याच्या दोन्ही बाजूंना चांगला उतार आहे. ट्रॉलीत रेतीची पोती भरली होती. मी मडगार्डवर, मांडीवर लॅपटॉप.

पहिल्यांदा ब्रेक लागला आणि पडद्यावर दोन रेघा वर चढल्या. डाव्या पेडलाची निळी, उजव्याची लाल. चढल्या म्हणजे कशा? एकीवर एक. मला एकच रेघ दिसत होती. मला वाटलं एक चकती बंद पडली. उतरून तपासली, चालू होती. पुन्हा ब्रेक, पुन्हा एकच रेघ. दहाही वेळा. बाजारात मिळणारी कडी लावून मी दुसऱ्या एका ट्रॅक्टरवर मोजलं होतं, तिथंही रेघांत थोडी फट होती, कारण कडी ढिली असते. माणसाच्या तळव्यात ती फट नव्हती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सरळ सांगते. मी सरांना तिथूनच फोटो पाठवला. त्यांनी उत्तर पाठवलं, हे कोणत्या कंपनीचं यंत्र आहे?

एक गोष्ट मी त्या दिवशी पाहिली आणि सोडून दिली. प्रत्येक वेळी ब्रेक दाबण्याआधी नाना खाली बघत होते. पायाकडे. मला वाटलं, माझ्या चकत्या बिघडू नयेत म्हणून जपताहेत. कौतुकच वाटलं.

संध्याकाळी मी पेटी सोडायला लागले तर नाना म्हणाले, "राहू दे तठेच. आठ दिन राहू दे. बठ्ठं लिखू दे त्याले."

सगळं लिहून घेऊ दे म्हणाले. मला काय, सोन्याहून पिवळं. रोजच्या कामातला खरा दाब मोजायला मिळणार. मी पेटी सुरूच ठेवली आणि धुळ्याला आले. निघताना ओट्यावर नानांची एकच चप्पल दिसली. अक्का चिडवत होत्या, "नाना, दुसरी पेरी दिन्ही का काय? उगी तं आमले बी दे एक." गेल्या वर्षभरात नानांच्या कितीतरी चपला अशा शेतात राहिल्या होत्या. हल्ली ते ट्रॅक्टरवर अनवाणीच बसायचे. आम्ही सगळे त्यावर हसायचो. मीही हसले.

पुढच्या रविवारी जाऊन मी पेटीतलं कार्ड काढून आणलं, नवीन घातलं. सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून, मी आठ दिवसांचा ग्राफ पडद्यावर ओढला.

रेघा दोन होत्या.

नेहमी नाही. शेतात बांधाशी सगळं ठीक, तिथं वेग कमी, नाना बघून पाय ठेवत असतील. पण रस्त्यावर, जिथं समोर बघावं लागतं, तिथं निळी आधी चढत होती आणि लाल मागून धावत येत होती. कधी लाल आधी. दोनदा तर एकच रेघ वर गेली होती आणि दुसरी बराच वेळ जमिनीलाच होती. पाय पेडल शोधत होता. मी जेवणाचा डबा बाजूला सारला. पहिल्या दिवशीचा ग्राफ उघडला, शेजारी ठेवला. माणूस तोच, पाय तोच. फरक एवढाच की त्या दिवशी नाना खाली बघत होते.

मग सगळं एकदम डोक्यात आलं. चप्पल पायातून निसटते आणि माणसाला कळत नाही, म्हणजे काय? नानांना साखरेचा त्रास बरीच वर्षं आहे. पाय बधिर होतो हे मला माहीत नव्हतं का? होतं. शेजारच्या बाईच्या नवऱ्याचं असं झालं असतं तर मी एका मिनिटात सांगितलं असतं. माझ्या वडिलांच्या चपलांवर मी हसत होते, मी, मापं घेण्यात आयुष्य घालवणारी बाई!

संध्याकाळी फोन आला. नाना स्वतः कधी फोन करत नाहीत. "काय निंघनं?"

मी म्हटलं, "छान निघालं, नाना."

"बठ्ठं?"

"सगळं छान."

आता कारणं देते, ऐकायची तर ऐका. ट्रॅक्टर सोडून नाना म्हणजे काय? ट्रॅक्टर सोडा, हे मला फोनवर सांगवेना. आई गेल्यावर हा माणूस ट्रॅक्टरच्या सीटवर बसून सावरला होता. मला समोर बसून, हात धरून सांगायचं होतं. शनिवारी जाणारच होते. तोवर मी हातावर हात धरून बसले नाही. मंगळवारी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मी त्या पेडलांच्या मापाची कडी बनवून घेतली, घट्ट, जराही न हलणारी. कडी लावली की पाय कुठंही पडो, दोन्ही ब्रेक लागणार. ती कडी माझ्या पर्समध्ये होती. मंगळवारी नानांचा फोन आला, काय निंघनं, मी म्हटलं छान. बुधवारी आला, मी म्हटलं छान. कडी पर्समध्ये होती.

गुरुवारी दुपारी वहिनीचा फोन आला. "ताई, घाबरू नका. सगळ्या ठीक आहेत. अक्कांचा हात मोडलाय."

पारोळ्याची एसटी त्या दिवशी जितकी हळू चालली तितकी कधी चालली नसेल. कंडक्टरशी मी उगाच भांडले. दवाखान्यात पोचले तर अक्का बाकावर बसलेल्या, हात प्लास्टरमध्ये, वेचणीचा उजवा हात. वहिनीनं सांगितलं ते असं. बाया आणि कापसाची गाठोडी घेऊन ट्रॉली परत येत होती. फरशीच्या उतारावर समोर एक म्हैस आली. नानांनी ब्रेक दाबला आणि ट्रॅक्टर एकदम डावीकडे, नाल्याच्या बाजूला फिरला. मागून ट्रॉली तिरकी होऊन ढकलायला लागली. बाया किंचाळल्या. अक्का कडेला होत्या, त्या फळीवर आदळल्या. "आणि मग काय झालं कळलंच नाही," वहिनी म्हणाली, "ट्रॅक्टर पुन्हा सरळ झाला आणि थांबला. चाक काठावर होतं, ताई. काठावर."

नाना घरी ओट्यावर बसले होते. एकटे. मी समोर जाऊन उभी राहिले. घरात मी आमच्या बोलीतच बोलते, इथं माझं आणि वहिनीचं बोलणं जरा सरळ करून लिहितेय, नानांचं मात्र जसंच्या तसं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुनी पेटीनी काही सांगं नही का?"

खोटं बोलायला अजून जागा होती. सेन्सर चुकला म्हणता आलं असतं. पण दवाखान्यातला अक्कांचा हात डोळ्यांसमोरून जाईना.

"सांगितलं होतं, नाना. सोमवारीच."

मग माझाच तोल सुटला. "तुम्ही तरी कुठं सांगितलं? पाय बधिर झालाय हे किती दिवस लपवलं? चौदा बाया मागे बसवून! वहिनी होती त्यात!"

"दोन साल व्हयनात," नाना म्हणाले. आवाज अगदी शांत. "पह्यले अंगठा गया, मंग तळवा. मी खाली देखी देखी चालाडू. डाक्टर म्हनतीन बंद कर, गाववाला म्हनतीन म्हातारा व्हयना. माले कोन्ही खरं सांगनार नही व्हतं. तू पेटी आनी तं मनमा म्हनं, हाई खोटं बोलाव नही. म्हनीसन सांगं, आठ दिन राहू दे."

मी तिथंच खाली बसले. पेटी राहू दे, बठ्ठं लिखू दे. मला वाटलं होतं माझ्या संशोधनासाठी. खोटं न बोलणाऱ्या पेटीला त्यांनी आपला पाय तपासायला दिला होता. ज्या गोष्टीचं नाव घ्यायला त्यांची जीभ रेटत नव्हती, ती माझ्याकडून ऐकायला ते रोज संध्याकाळी फोन करत होते. आणि मी तीन संध्याकाळी सांगितलं, सगळं छान आहे. म्हणून मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी ते निर्धास्त मनानं त्या सीटवर बसले, कारण लेक म्हणाली होती.

"पेटी खरं बोलनी," नाना म्हणाले. "पोर खोटं बोलनी."

असं मला आयुष्यात कोणी काही बोललेलं नाही. बरोबर होतं म्हणून तर इतकं लागलं.

सकाळी उठून मी ट्रॅक्टरमधलं नवीन कार्ड काढलं. गुरुवारची दुपार त्यात होती. बघू नये असं वाटत होतं, पण बघितलंच. निळी रेघ एकटीच उभी चढलेली, लाल जमिनीला. पायानं फक्त डावं पेडल पकडलं होतं. त्याखाली ट्रॅक्टर फिरल्याची रेघ, नाल्याकडे सुटलेली. हे मला अपेक्षितच होतं.

पण त्याच्या पुढचं बघून माझा हात लॅपटॉपवरच राहिला. निळी एकदम खाली, शून्यावर. आणि लाल, एकटी लाल, सरळ वर. नेमकी एवढी, की ट्रॅक्टरची फिरण्याची रेघ थांबली, उलटी आली, मध्यावर पोचली. तिथं लाल सैल झाली, निळी पुन्हा आली आणि दोघी एकमेकींवर बसून वर गेल्या, थांबेपर्यंत. एकच रेघ. मैदानावरच्या त्या मोटारीच्या कॉम्प्युटरनं केलं होतं तेच, त्याच क्रमानं. इथं मागे ढकलणारी ट्रॉली होती, उतार होता, म्हैस होती आणि पाय बधिर होता. डोळ्याचं पातं लवायच्या आत हा माणूस खाली बघून, पाय शोधून, दुसरं पेडल दाबून मोकळा झाला होता. माझं यंत्र, ज्यावर मी इतकी वर्षं डोकं फोडतेय, ते अजून इतकं चांगलं करत नाही. मी ओट्यावर बसून रडत होते आणि हसतही होते, वहिनी चहा घेऊन आली ती घाबरून तशीच परत गेली.

ज्या पायानं चौदा जणींना नाल्याच्या काठावर नेलं, त्याच पायानं आणलं. मी हे दोन्ही नानांना दाखवलं. निळी कुठली, लाल कुठली, समजावून सांगितलं. या वेळी काहीही गाळलं नाही.

नानांनी बोटानं लाल रेघ हळूहळू गिरवली, खालून वर. खूप वेळ. मला वाटलं आता म्हणतील, बघ, अजून जमतं मला. त्यांच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं.

"एक डाव वाचनूत," ते म्हणाले. "दुसरा डाव कोन देस?"

मग म्हणाले, "ती कडी कोठे शे? कडी बनाडी ना तू? रातले वहिनीले सांगी राहिंती."

मी पर्समधून कडी काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, पेडलांशी वाकले आणि स्वतःच्या हातानं बसवली. ज्या हातानं जुनी काढली होती त्याच हातानं. नख घालून बघितलं, फट नव्हती. "चांगली शे," म्हणाले. माझ्या आख्ख्या शिक्षणाला नानांनी दिलेलं हे पहिलं प्रमाणपत्र.

वहिनीला खळ्यात ट्रॅक्टर मागेपुढे करता यायचा. उतारावर, ट्रॉली लावून, कधी नाही. पंधरा दिवस नानांनी तिला शिकवलं. सुट्टीच्या दिवशी मी असायची, पेटी घेऊन. रेतीची पोती, मग अर्धी ट्रॉली कापूस, मग पूर्ण. कडी असल्यामुळे रेघा एकच यायच्या, पण ब्रेक कधी लावायचा हे कडी शिकवत नाही. नाना शेजारी मडगार्डवर बसून म्हणायचे, आते, आते, आते, म्हणजे आता. वहिनी चिडायची, "नाना, आते म्हणता म्हणता फरशी निघून जाते!" हळूहळू ते आते म्हणायच्या आत तिचा पाय खाली जायला लागला. सर धुळ्याहून एकदा येऊन बघून गेले. नानांच्या पाया पडले. नाना संकोचून म्हणाले, अहो, पाय नका, त्याला काही कळत नाही. आणि मग स्वतःच हसले.

वेचणीचे शेवटचे दिवस होते, तेव्हा बायांना घेऊन वहिनी पहिल्यांदा निघाली. सगळ्याजणी आल्या. अक्काही आल्या, प्लास्टरसकट. वेचायला नाही, नुसत्या. "मी नही बसनू तं ह्या कोन्ही बसाव नहीत," म्हणाल्या. नाना मडगार्डवर बसले नाहीत. वहिनीला कोणी शेजारी नको, असं ते म्हणाले. ते ट्रॉलीत बसले, अक्कांच्या शेजारी, पत्र्यावर पाय पसरून, अनवाणी. मी त्यांच्या समोर बसले.

गाव सुटलं, रस्ता लागला. बाया गप्पा मारत होत्या पण एक कान पुढे होता सगळ्यांचा. फरशीचा उतार आला तशा गप्पा थांबल्या. मी वहिनीच्या पाठीकडे बघणार होते. पण माझी नजर नानांच्या पायाकडे गेली. लहानपणापासूनची खोड.

ट्रॅक्टर उताराला लागला. नानांचे डोळे मिटलेले होते. उजवा पाय पत्र्यावर थोडा सरकला, टाच टेकली, तळवा आडवा झाला आणि हळूहळू दाबला गेला. त्याच क्षणी पुढे वहिनीचा ब्रेक लागला. आम्ही सगळ्या एकसारख्या पुढे झुकलो, ना डावीकडे ना उजवीकडे. ट्रॉली सरळ होती. ट्रॅक्टर सरळ होता. फरशीच्या तोंडाशी वहिनीनं तो असा थांबवला की भाकरीचं एक गाठोडंही हललं नाही.

बायांनी ओरडून गलका केला. वहिनी मागे वळून नानांकडे बघत होती, रडवेल्या चेहऱ्यानं हसत.

नानांचा पाय अजून पत्र्यावर दाबलेलाच होता. नडगीची शीर ताठ दिसत होती. त्यांना ते माहीत नव्हतं.

अक्कांनी आपला धड असलेला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "नाना, पाय काढ आते. गाडी थांबी गयी."

नानांनी डोळे उघडले, आपला पाय कुठं आहे ते खाली बघितलं आणि उचलला.